राखीव तळं

समुद्राकाठचं तळं आटत आलं तशी माय बोचकं बांधू लागली. रोहित पक्षी केव्हाच उडून गेले होते. त्यांचे गुलाबी थवे जिथं उभे असायचे, तिथं आता मिठाचा पांढरा थर होता आणि त्यावर मृगजळ हलत होतं.

"कुठं निघालीस, माय?"

"पानी सरलं की गाव सोडायचं. बहात्तरच्या दुष्काळात न्हाई का सोडलं? तुझी बी पातेली बांधलीत बघ."

मी या अभयारण्यात नोकरीला. बाबा गेल्यावर निलंग्याजवळच्या आमच्या गावात माय एकटी होती. मोठ्या मिनतवारीनं तिला इकडं आणलं होतं. ती कायमची माझ्याजवळ राहावी, एवढंच मला हवं होतं.

"हे तळं दर उन्हाळ्यात आटतं, माय. पुन्हा भरतं."

"राखीव म्हन्ता, अन् आटू देता? राखणारे काय करायलेत मग?"

"त्याचं आटणंही राखतो आम्ही."

"लई शिकलीस," म्हणत तिनं गाठ आवळली.

सकाळी मी तिला तळ्यात नेलं. भेगाळलेल्या चिखलाचा एक पोपडा तिनंच उचलला. घरी तो काचेच्या बरणीत घालून मी वर पाणी ओतलं. पाणी गढुळलं, मग हळूहळू निवळलं. माय येताजाता बघायची.

एका दुपारी तिनं हाक मारली. "पंचशीले, हे काय गं?"

बरणीत पांढुरके ठिपके झटके देत पोहत होते. उन्हामुळं भिंतीवर पाण्याची जाळी थरथरत होती. आम्ही दोघी त्या पाण्याच्या आत बसलोय असं वाटलं.

"कोळंबीच्या जातीचे जीव. पाणी आटायच्या आधी अंडी टाकतात. ती चिखलात वर्षानुवर्षं राहतात."

"मेलेली?"

"निजलेली."

माय बरणीजवळ वाकली.

"आपल्या गावच्या तळ्यात बी असतील?"

नाही म्हणाले असते, तर ती राहिली असती. पण आपल्याकडच्या पावसाळी तळ्यांतही असे जीव सापडतात.

"असतील."

"अन् आमी त्येंच्यावरून चालत गेलो." तिनं बरणीवर हात ठेवला. "मला गाडीत बसवून दे, बाई. पानी येईल तवा तिथं बघाया कोन हाय?"

गाडी हलली तेव्हा माय खिडकीतून ओरडून सांगत होती, "पत्र टाक! पत्त्यावर आता नवा जिल्हा लिही, लातूर! जुना उस्मानाबाद न्हाई! न्हाईतर पोस्टमन बसंल फिरत!"