भिंतीला झालेला रोग

मिस्त्रींचं एक अजबच होतं. ख्रिस्ती प्रार्थनाघरात गिलाव्याचं काम निघालं की ते खुशाल आत जात, पार वेदीमागे शिडी लावत. पण रविवारी प्रार्थनेला मात्र बाहेर, खिडकीखाली बसत. गवंडी म्हणून आत, माणूस म्हणून बाहेर. तरुणपणी त्यांना कुष्ठरोग झाला होता. औषधांनी तो साफ बरा झाला, दोन बोटं तेवढी वाकडी राहिली. पण तेव्हाच्या पाळकांनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी, शास्त्र उघडून दाखवलं होतं की अशा माणसाने वस्तीबाहेर राहावं. मिस्त्री पडले शब्दाचे पक्के. एकतीस वर्षं त्यांनी ते पाळलं आणि कुणी आत यायचा आग्रह केलाच, तर त्याचीच खरडपट्टी काढली.

आता नातीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं आणि ती हटूनच बसली होती. "आजोबा, तुम्ही पहिल्या बाकावर नसाल तर मी लग्न अंगणात लावते."

"शास्त्रापुढे तुझं-माझं काय चालतंय?" मिस्त्री म्हणाले. म्हणाले खरे, पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

लग्नाआधी भिंत नीट करायची म्हणून नव्या पाळकांनी त्यांना बोलावलं. वयाने ते मिस्त्रींच्या मुलाएवढे. उत्तरेच्या भिंतीवर हिरवट डाग पडले होते, मधेच तांबूस, आणि तिथला गिलावा आत दबला होता.

"मिस्त्री, याचं काय करायचं ते शास्त्रात लिहिलंय," पाळक हसून म्हणाले.

मिस्त्रींना वाटलं, पोरगा आपली फिरकी घेतोय. पण पाळकांनी पुस्तक आणून समजावून सांगितलं. भिंतीवर हिरवे नाहीतर तांबडे, खोल गेलेले डाग दिसले की याजकाला, म्हणजे त्या काळच्या पुरोहिताला, बोलवायचं. तो यायच्या आधी घरातलं सामान बाहेर काढायचं. मग घर सात दिवस बंद. डाग पसरले तर तेवढे दगड काढायचे, भिंत खरवडायची, नवा गिलावा करायचा. आणि त्या डागाचं नाव तेच, जे माणसाच्या कातडीवरच्या डागाचं. कपड्यालाही तोच रोग व्हायचा.

मिस्त्रींनी थापीच्या टोकाने डाग खरवडून पाहिला. "ही ओल आहे," ते म्हणाले. "जन्म गेला माझा ओल काढण्यात. आणि कपड्यावरची ती बुरशी."

"बरोबर."

"माझा रोग भिंतीला होत नाही, पाळकसाहेब. दवाखान्यात मला भिंगातून त्याचा जंतू दाखवला होता. तो भिंतीत जाऊन काय करेल?"

"काहीच नाही. त्या काळी असल्या सगळ्याच डागांना एक नाव होतं. तुमचा आजार त्यात धरला होता की नाही, कुणास ठाऊक. बहुतेक नव्हताच. आणि धरला असता, तरी बरा झालेल्या माणसाकडे याजक स्वतः वस्तीबाहेर जायचा, त्याला तपासायचा आणि परत आणायचा. वस्तीबाहेर राहायचा नियम आहे ना, त्याच्या पुढच्याच पानावर आहे ते. प्रभूंनी तर अशा माणसाला बरं व्हायच्या आधीच हात लावला."

"मग मला कुणी का नाही आणलं?"

पाळकांनी पुस्तक मिटलं. "चुकलं आमचं," ते म्हणाले.

मिस्त्रींना राग आला, आधी जुन्या पाळकांचा, मग स्वतःचा. त्यांची बायको गेल्या वर्षी वारली होती. दर रविवारी ती दारात थांबून विचारायची, "आज येता का आत?" आणि दर रविवारी ते तिला गप्प बसवायचे. एका ओलीपायी.

तेवढ्यात नात डबा घेऊन आली. आजोबांचे डोळे पाहून तिने डबा खाली ठेवला.

"बसतो मी आत," मिस्त्री म्हणाले. "पण पहिल्या बाकावर नाही. आजी कुठे बसायची तुझी?"

"तिसऱ्या बाकावर. भिंतीकडची जागा रिकामी सोडून."

"रिकामी का?"

"तुमची आहे म्हणायची. कुणाला बसू द्यायची नाही."