खुशालने बसवलेला पंप

खुशालने नवा पंप बसवल्यापासून त्याच्या पिकअपला एक खोडच लागली होती. चावी फिरवली की डिझेलच्या टाकीजवळून टकटक, टकटक आवाज सुरू व्हायचा. नळीत डिझेल असलं की टकटक सावकाश चालायची. नळीत हवा शिरली की पंप पिसाळल्यासारखा भराभर वाजायचा. मूल गावच्या मिस्तरीने ही खूण खुशालला समजावली, खुशालने वहिनीला, आणि वहिनीने, म्हणजे देवकाबाईने, मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत अख्ख्या पिपरटोल्याला.

"गाडी आता चढावर दम नाई तोडत," ती छातीठोकपणे म्हणाली होती. "मासोळीचं बीज खुशालच्याच गाडीनं आनू. काई झालं तं मले बोला."

असं बोलून बसलेल्या माणसाचं चित्त मग थाऱ्यावर राहत नाही. गडचिरोलीकडच्या मत्स्यबीज केंद्रातून निघाल्यापासून देवकाबाई गाडीच्या मागच्या हौद्याच्या कडेवर बसली होती. एक हात पाण्यात होता आणि कान टकटकीकडे.

हौद्यात ताडपत्री अंथरून काठोकाठ पाणी भरलं होतं आणि त्या पाण्यात रोहू, कतला, मिरगलची बोटुकली खच्चून भरली होती. बोटाएवढे मासे, पण पिपरटोल्याचं पुढचं सगळं वर्ष त्यांच्यावर होतं. उन्हाळ्यात गाळ काढायला तलाव पार तळापर्यंत रिकामा केला होता. आता त्यात पाणी होतं, मासा नव्हता. हे बीज जगलं तर घरं गावात राहणार होती. मेलं तर दिवाळीनंतर पोराबाळांसकट तेलंगणात मिरची तोडायला. देवकाबाई दोन हंगाम जाऊन आली होती. तिखटाने सोललेल्या बोटांनी पोरांचे डोळे पुसता येत नाहीत, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

तिच्यासमोर सोसायटीचा सचिव लटारू बसला होता, ऑक्सिजनच्या सिलिंडरला टेकून. सिलिंडरातून निघालेली पांढरी, आरपार दिसणारी नळी पाण्यात सोडली होती आणि तिच्या टोकातून बुडबुडे येत होते. लटारूचं मत भाड्याने मोठी गाडी आणावी असं होतं. बैठकीत तो हरला होता, पण हरला तरी गप्प बसणाऱ्यांतला तो नव्हता.

"बाई, इंजिनाचा सोताचा पंप कमजोर झाला म्हून बाहेरचा लावला, बरोबर?" तो म्हणाला. "म्हंजे म्हातारीले काठी देल्ली. काठी देल्ल्यानं म्हातारी जवान होत नाई."

"पाणी पाह्य, लटारूभाऊ. तोंड नंतर चालव."

वैनगंगेचा पूल मागे पडला. सडक जंगलात शिरली. पाऊस उघडून ऊन पडलं होतं आणि दमट उकाड्याने अंगाची नुसती चिकचिक होत होती. पाणी तापत चाललं होतं, हे तिच्या बुडालेल्या हाताला कळत होतं. पण गाडी खड्ड्यांतून उसळत होती, पाणी हिंदकळत होतं आणि हिंदकळत्या पाण्यात हवा मिसळते. खराब रस्त्याचं कौतुक करणारे लोक जगात कोण असतील तर ते बीज नेणारे.

चढ सुरू झाला. टकटक, टकटक. आणि मग टकटकटकटक.

 देवकाबाईने पत्र्यावर थाप मारून खुशालला सावध केलं, पण त्यालाही ऐकू गेलंच होतं. त्याने गिअर उतरवला, गाडीने दोन आचके दिले आणि चढाच्या मध्यावर ती बंद पडली. हँडब्रेक कर्रकन ओढला गेला. पाणी एकदा पुढे, एकदा मागे हललं आणि थांबलं.

खुशाल गाडीखाली शिरला. देवकाबाई खाली उतरली, रस्त्यावर गुडघे टेकून आत वाकली. पंप चेसिसला घट्ट बसवलेला होता, तार नीट होती, सगळं चकचकीत. पण टाकी आणि पंप यांच्यामधली नळी काळ्या रबराची नव्हती. ती पांढरी होती, आरपार दिसणारी, आणि आत ओढली जाऊन पट्टीसारखी चपटी झाली होती.

"ही सिलिंडरची नळी?" तिने विचारलं.

खुशालने चपट्या नळीवरून अंगठा फिरवला. "रबरी नळी कमी पडली, वयनी. सिलिंडरसाठी बंडल आनलं होतं, त्यातला तुकडा लावला. मनलं, आतून डिझेल येऊन राह्यलं का नाई ते दिसते तरी."

त्यात त्याचं काय चुकलं, असं क्षणभर तिच्याही मनात आलं. पाण्यावर जगणारी माणसं ती; जे दिसतं त्यावरच त्यांचा भरवसा. ऑक्सिजन ढकलणाऱ्या या नळीने त्यांना कधी दगा दिला नव्हता. पण इथे पंप टाकीतून डिझेल ओढत होता, आणि डिझेलने भिजून, उन्हाने तापून मऊ झालेल्या नळीला ती ओढ सोसली नव्हती. मिस्तरीने रबरीच लाव म्हणून बजावलं होतं, हे खुशालने आता खालच्या मानेने सांगितलं. देवकाबाईला त्याचा भयंकर राग आला. याला तिने लहानपणापासून वाढवलं होतं, म्हणून राग जास्तच आला.

"मी काय मनलं होतं?" लटारू वरून म्हणाला.

 मोबाइलला रेंज नव्हती. मूलहून नळी आणायची तर संध्याकाळ झाली असती आणि सिलिंडर तेवढा वेळ पुरणार नव्हता.

"एक तोड हाये," खुशाल गाडीखालून निघत म्हणाला. "कॅनमंदी डिझेल घेऊन टपावर ठेवाचं आन् तिथून नळी थेट इंजिनच्या फिल्टरले. वरून डिझेल आपसूक उतरते. ओढाचं कामच नाई, तं ही नळी बी चालते. पण..."

"पण लांब नळी पाह्यजे," देवकाबाई म्हणाली.

तिघांनीही हौद्यातल्या बुडबुड्यांकडे पाहिलं. लांब नळी एकच होती.

"ते जमनार नाई," लटारू म्हणाला. या खेपेला त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, भीती होती. "ऑक्सिजन तोडला तं मासोळी वर येईन बाई. घडीभरात तोंड उघडून वर येईन."

थांबून राहिलो तर हवा आहे, पण पुरणार नाही. निघालो तर हवा नाही, पण वाट कमी होईल. देवकाबाईने पाण्यात हात घालून पाहिलं. बोटुकली अजून खाली होती, बोटांना चाटून सळसळत पळत होती. अजून जोर होता त्यांच्यात.

"काप," ती म्हणाली.

खुशालने नळी सिलिंडरच्या तोंडाशीच कापली आणि बुडबुडे थांबले. टाकीतून तोंडाने डिझेल ओढून कॅन भरला, थुंकला, बॉनेट अर्धवट उघडं ठेवून दोरीने बांधलं. लटारू हौद्याच्या पुढच्या कडेला उभा राहिला आणि कॅन टपावर छातीशी धरून त्याने तो आपल्या दुपट्ट्याने आवळला. डिझेलचा ओघळ मागे पाण्यात उतरला तर श्वासाची धडपड करणाऱ्या माशांचं काय होणार, हे त्याला सांगावं लागलं नाही. गाडी सुरू झाली तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले होते. देवकाबाईने जर्मनचा गंज, म्हणजे खोलगट पातेलं, उचलला आणि पाणी वर उचलून उंचावरून पुन्हा पाण्यात ओतायला लागली. उचल, ओत. उचल, ओत. टकटक आता नव्हती, त्यामुळे काही बिघडलं तर कळायचीही सोय उरली नव्हती.

चढ सरला. पुढची सपाट वाट गाडी अशी धावली की तिला वाटलं, जमलं. खांदे भरून आले होते, लुगडं चिंब झालं होतं, तरी तिला बरं वाटलं.

"बाई, कॅन हलका लागून राह्यला," लटारू म्हणाला.

"असा कसा? आत्ताच तं भरला."

पुढच्या वळणावर इंजिनाने आचका दिला आणि गाडी पुन्हा थांबली. कॅन कोरडा होता. खुशाल खाली उतरला आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला. इंजिन जळेल तेवढंच डिझेल घेतं आणि उरलेलं परतीच्या नळीने टाकीत सोडून देतं. कॅनमधलं डिझेल वाया गेलं नव्हतं, सगळं टाकीत जाऊन बसलं होतं. पुन्हा ओढून काढायचं, पुन्हा नळीतली हवा काढायची.

"किती वेळ?"

"दम धर वयनी, लवकरच करतो."

पण दम धरणं आता तिच्या हातात नव्हतं. पाणी थांबलं आणि पहिली बोटुकली वर आली. मग दुसरी. मग पाण्यावर जिकडेतिकडे लहान लहान तोंडं उघडमीट करायला लागली. देवकाबाईने गंज चालवला, पण एवढ्या दाटीत एका गंजाने काय व्हायचं? पाणी थोडं आणि जीव फार, हेच खरं दुखणं होतं. तिला ते कळलं आणि त्यावरचा उपायही त्याच क्षणी कळला, कारण तो सडकेच्या कडेलाच होता. डोंगरसावंगीची बोडी, तिथला छोटा तलाव. स्वच्छ, भरलेली, आणि परक्या गावाची.

"लटारूभाऊ, जाळं काढ. अर्धं बीज बोडीत सोडू. बाकीच्याईले जागा होईन."

लटारूने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिला चक्कर आली असावी. "डोंगरसावंगीच्या पान्यात? बाई, ज्याचं पानी त्याचा मासा. पडलं का गेलं. गावाले काय सांगसान?"

"पाह्य ना इकडं. सांगाले काई उरन का?"

लटारूने पाण्याकडे पाहिलं. एक बोटुकली कुशीवर झाली, पुन्हा सरळ झाली, पुन्हा कुशीवर. तो जाळं सोडवायला लागला.

बोडीच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, एक म्हातारा काठी टेकत आला. बुधू, डोंगरसावंगीचा राखणदार. त्याने गाडी पाहिली, पाणी पाहिलं, माणसांचे चेहरे पाहिले. मग राखणदाराने जे म्हणायचं असतं ते तो म्हणाला.

"बाई, आमच्या बोडीत पडलं का आमचं. मंग मांगू नका."

"माहीत हाये, बाबा."

बुधूने काठी बाजूला ठेवली, धोतर वर खोचलं आणि गंज घेऊन तो बोडीचं पाणी आणून हौद्यात मिसळायला लागला. गरम पाण्यातला मासा एकदम गार पाण्यात टाकला तर धसक्याने मरतो. घाईत असलेल्या माणसालाही ती घाई करता येत नाही. देवकाबाईच्या जिवाची काहिली होत होती, तरी ती पाणी सारखं होईपर्यंत थांबली. मग पहिलं जाळं तिने स्वतः बोडीत बुडवलं. बोटुकली जाळ्याच्या कडेवर घोटाळली आणि सळकन खाली गेली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. एकेक जाळं रिकामं होत होतं आणि तिला पिपरटोल्याची घरं दिसत होती. हे मारुतीजवळचं घर गेलं, हे विहिरीजवळचं.

अर्धं बीज गेल्यावर हौद्यात मोकळं पाणी दिसायला लागलं. वर आलेली तोंडं हळूहळू खाली गेली. बुधूने आणलेल्या गार पाण्याने ताडपत्री पुन्हा भरली. खुशालने कॅन भरून लटारूकडे दिला तेव्हा वहिनीकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही. वाटेत आणखी एकदा कॅन भरावा लागला, पण आता बीज तग धरून होतं.

दिवस कलताना गाडी पिपरटोल्याच्या तलावाच्या पाळीवर आली. सारं गाव जमलेलं. माणसं कौतुकाने हौद्याभोवती गोळा झाली आणि मग एकेक जण गप्प होत गेला. मासेमाराच्या नजरेला मोजायला लागत नाही.

"एवढंच?" कोणीतरी विचारलं.

खुशाल पुढे झाला. "चूक माही हाये. मी पंपाले..."

"थांब," देवकाबाई म्हणाली.  "गाडी बंद पडली. बीज मरून राह्यलं होतं. अर्धं मी डोंगरसावंगीच्या बोडीत सोडलं. माह्या हातानं सोडलं. मिरचीले जायाची पाळी आली तं पहिलं घर माहं जाईन."

लटारू आता बोलेल, असं साऱ्यांना वाटलं. त्याच्या छातीवर डिझेलचा हातभर डाग होता. तो म्हणाला, "मी बी जाळं धरलं होतं," आणि खाली बघत उभा राहिला.

 गर्दीतून आशाबाई पुढे आली. गावातली सगळ्यात जुनी कोळीण, कमरेत वाकलेली. तिने हौद्यात हात घातला, बोटं हलवली आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"तिकडं सोडलं ते जित्तं होतं का, देवका?"

"जित्तं होतं, मावशी. सारं खाली गेलं."

"मंग बरं केलं," आशाबाई म्हणाली. ती लुगडं खोचून तलावात उतरली आणि तिने दोन्ही हात वर केले. "आन, इकडं दे. पानी गार हाये, आधी मिसळून घ्या."