बोलावून मारू नका

मी एक म्हातारी कुत्री आहे, आणि मला राग आलेला आहे. म्हाताऱ्या कुत्रीनं शेपूट हलवत, डोळ्यांत पाणी आणत आपली कहाणी सांगावी अशी तुमची अपेक्षा असेल. ते आज जमणार नाही. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणते आहे ते तुम्ही अजून लहान आहात म्हणून. मोठे झालात की म्हणेनच असं नाही.

माझं नाव भुरी. उंद्रीच्या शिवारात किसनराव आणि मनकर्णाबाई यांचा भाजीचा मळा आहे, तिथे मी नऊ वर्षं राहते. जन्म मात्र जानेफळचा. मनकर्णाबाई तिथे एका लग्नाला गेल्या होत्या, आणि येताना मला पिशवीत घालून एस.टी.त बसल्या. कंडक्टरच्या नजरेस पडू नये म्हणून पिशवीच्या तोंडाशी त्यांनी मेथीची जुडी खोचली होती. ती मी चिखली येईपर्यंत खाऊन टाकली.

बाईंनी मला शिकवलं. कुत्र्याला शिकवायचं असतं हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. बैलांना पोळ्याला पुरणपोळी मिळते, आम्हाला वर्षभर 'हाड' मिळतं, आणि तेवढा एक शब्द कुत्र्याला आला की शिक्षण पुरं झालं असं लोक समजतात. बाईंची रीत निराळी होती. पदराच्या गाठीत भाकरीचे बारीक तुकडे बांधायचे, आणि एका वेळी एकच शब्द शिकवायचा. वाफ्याच्या कडेशी आलं की 'थांब'. थांबले की तिथल्या तिथे तुकडा, कारण घटकाभरानं दिलेला तुकडा कशाबद्दल होता ते आम्हाला कळत नाही. पाहुणे आले की 'बस', म्हणजे कुणाच्या धोतरावर चिखलाचे पाय उमटत नाहीत. तोंडात चप्पल असली की 'सोड'. तेव्हा ओढाओढ करायची नाही, दुसऱ्या हातातली भाकरी दाखवायची. 'थांब' मी आठवड्यात शिकले. 'सोड' शिकायला महिना लागला, खोटं कशाला बोलू. चप्पल फार चवदार असते.

आणि 'ये'. हा शब्द बाई जपून वापरत.

एकदा उन्हाळ्यात त्यांनी बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. पहाटेपासून चीक शिजवून, हात भाजून घेऊन घातलेल्या. मी त्यांवर लोळले, आणि मोडल्या नाहीत त्या खाल्ल्या. बाई बाहेर आल्या. चेहरा लालबुंद झालेला. "भुरे, ये," त्या म्हणाल्या. मी कान पाडून, पोट जमिनीला घासत गेले. त्यांचा हात वर उठलेला मी पाहिला. मग तो सावकाश खाली आला आणि माझ्या डोक्यावर टेकला.

शेजारच्या मळ्यातल्या शालूबाई बघत उभ्या होत्या. "मारत काऊन नाई वं तिले? एवढ्या कुरडया नासोल्या!"

"म्या बलावलं आन् ते आली," बाई म्हणाल्या. "आता मारलं त उद्या बलावल्यावर कशी येईन?"

त्या दिवशी बाई कुणाशी धड बोलल्या नाहीत. राग त्यांनाही होताच. पण तो त्यांनी 'ये'मध्ये मिसळला नाही. एवढंच करायचं असतं, मित्रांनो, आणि एवढंच लोकांना जमत नाही.

किसनरावांना हा सगळा पोरखेळ वाटायचा. माणूस मनानं वाईट नाही, असं गाव म्हणतं. असेल. मन मला दिसत नाही, मला हात दिसतो.

दोन वर्षांपूर्वी मला तीन पिल्लं झाली. दोन लोकांनी नेली, एक मळ्यात राहिलं. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, म्हणून ती ठिपकी. किसनरावांचा तिच्यावर जीव होता, हे मी रागातही नाकारणार नाही. दुपारी ते बाजेवर तिला पोटाशी घेऊन झोपायचे. ठिपकी तीन महिन्यांची झाली, आणि तिकडे पिंपळगाव राजाला बाईंची लेक दीपमाला बाळंत झाली. सव्वा महिना लेकीजवळ राहायला बाई निघाल्या. निघताना उंबऱ्यातून म्हणाल्या, "पिल्लाले 'ये' म्हणून मारू नोका बरं."

"आता कुत्रं पाळाचं बी तुह्याकडून शिकू का?" किसनराव म्हणाले.

शिकले असते तर काय बिघडलं असतं?

त्यांनी मोबाइलवर कुणा साहेबाचा कुत्रा पाहिला होता. पंजा पुढे करून शेकहँड करणारा. तसंच ठिपकीनं पारावरच्या मित्रांसमोर करावं, असं त्यांच्या डोक्यात बसलं. ज्या पिल्लाला अजून 'थांब' कळत नाही त्यानं शेकहँड करायचा! 'माय जवळ असली का हे शिकत नाई' म्हणून मला गोठ्याच्या खांबाला साखळीनं बांधलं. तोवरच्या सात वर्षांत बाईंनी मला एकदाही बांधलं नव्हतं.

ठिपकीनं चप्पल कुरतडली. कुरतडणारच, तिला 'सोड' कुणी शिकवलं होतं? किसनराव ओट्यावर बसून साखरेच्या आवाजात म्हणाले, "ये ये ये, माही बाई, ये." ती शेपूट हलवत, धडपडत धावत गेली. गेली आणि तीच चप्पल तिच्या तोंडावर बसली. दुसऱ्या दिवशी तिनं घरात घाण केली. पुन्हा 'ये ये ये', आणि मानगूट धरून तिचं नाक त्या घाणीत घासलं. तिसऱ्या वेळी ती सरपटत आली. चौथ्या वेळी आलीच नाही. 'ये' ऐकलं की दोन पावलं मागे सरायची.

"बिनडोक हाय हे," किसनराव मित्रांना सांगायचे. "बलावलं का पळते."

बिनडोक! जे शिकायला मला महिना लागला असता ते ठिपकी तीन दिवसांत शिकली होती. ती माझ्याहून कितीतरी हुशार होती. तिला शिकवलं काय गेलं, ते बघा.

एका सकाळी गोठ्याच्या कडेला तुराट्यांच्या ढिगापाशी ती हुंगत खेळत होती. किसनराव बादली घेऊन आले आणि जागच्या जागी थबकले. ढिगाच्या बुडाशी घोणस वेटोळं करून बसली होती. कुकरची शिटी सुटावी तसा तिचा फुत्कार मला साखळीपर्यंत ऐकू आला. बादली पडली. त्या आवाजानं ठिपकी वळली. तिचं तोंड किसनरावांकडे, पाठ सापाकडे. तिच्यात आणि सापात दोन-तीन हातांचं अंतर होतं. चार उड्या मारल्या असत्या तर ती त्यांच्या पायांपाशी पोचली असती.

"ये!" किसनराव ओरडले.

ठिपकी एक पाऊल मागे सरली.

"ठिपके, ये! ये बे, ये लवकर!"

ती आणखी एक पाऊल मागे सरली. त्यांचा आवाज चढत गेला, ते हात पसरून धावले, आणि आवाज चढवून धावत येणारा माणूस काय करतो हे तिला पाठ होतं. शेपूट पायांत घालून ती थेट ढिगात शिरली.

मी साखळीला हिसके दिले. गळा सोलून निघाला. साखळी मजबूत होती, किसनरावांनी ती निवडून आणलेली होती.

मोटारसायकलवर तिला छातीशी धरून ते चिखलीच्या जनावरांच्या डॉक्टरकडे निघाले. ती वाटेतच गेली. परत आणली ती पोत्यात. मला सोडलं ते तेव्हा.

तीन दिवसांनी बाई आल्या. किसनराव ओट्यावर बसून होते. दाढी वाढलेली, समोर चहा निवलेला.

"म्या बलावलं होतं वं तिले," ते म्हणाले. "जीव तोडून बलावलं. आली नाई."

बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. "तुम्ही बलावलं," त्या म्हणाल्या, "पण यावक्ती मारासाठी नाई, हे तिले कसं समजन?"

किसनरावांनी तोंडावर उपरणं घेतलं. ते रडत होते. मला दया आली का? नाही आली.

आता किसनराव मारत नाहीत. कुणालाच नाही. त्या दिवसापासून मला मोकळंच ठेवलं आहे. दोन वर्षं झाली, रोज भाकरी घेऊन मला हाक मारतात, "भुरे, ये." ते 'थांब' म्हणाले तर मी थांबते. 'बस' म्हणाले तर बसते. 'ये' म्हणाले की जिथे असेन तिथेच राहते आणि त्यांच्याकडे बघते. कुत्र्याची जात सगळं विसरते, असं माणसांनी स्वतःच्या सोयीसाठी ठरवलेलं आहे. भाकरी ते अंगणात ठेवून जातात. ते आत गेले की मी खाते.

मित्रांनो, तुमच्या घरी कुत्रं असेल तर त्याला 'ये' नक्की शिकवा. तो शब्द एखाद्या दिवशी त्याचा जीव वाचवेल. पण रागावला असाल तेव्हा तो तोंडातून काढू नका. राग आला तर पाठ फिरवा, विहिरीवर जाऊन बसा, हवं तर बादलीला लाथ मारा. जो तुमच्या हाकेला आला, त्याला त्या क्षणी सगळे गुन्हे माफ.

हे तुम्हाला समजायला जड जाणार नाही. 'इकडे ये, काही करत नाही' असं म्हणून तुम्हालाही कुणीतरी बोलावलं असेल, आणि जवळ गेल्यावर गालावर ठेवून दिली असेल. तेव्हा हे घरातल्या मोठ्या माणसांना वाचून दाखवा. त्यांना हाक मारा, ती लगेच येतील. हाकेला जाऊन मार खाल्ल्याला त्यांना फार वर्षं झाली आहेत.