मनगटाखालची उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. माझ्यावर डोकं कुणी टेकत नाही, टेकतात ती मनगटं. जेचन गावातल्या औषधी मुळ्यांच्या बाजारात वैद्य प्यो यांचा दवाखाना होता. त्यांच्या बायकोने निळ्या कापडात कुट्टूच्या दाण्यांची टरफलं भरून मला शिवलं. रोग्याने माझ्यावर हात ठेवायचा आणि वैद्यांनी तीन बोटांनी नाडी बघायची. तरी माझा तोरा असा, की निम्मं निदान मीच करते!

छातीत दुखतं म्हणून येणाऱ्या बायका पुष्कळ. वैद्य छातीच्या मधोमध बोट दाबत. बाई कळवळली की विचारत, "राग गिळलाय. कुणावरचा?" मग सुया आणि कडू काढा, पण त्याआधी तासभर सासूची गाऱ्हाणी. रडून मोकळी झालेली बाई जाताना हसत असे.

मुगाचे पोळे विकणारी ओकबुन दर बाजाराला यायची. एकदा तिची नाडी माझ्यावर अडखळली. दोन ठोके, मग खड्डा. वैद्यांनी सुया डबीत परत ठेवल्या.

"हा राग नाही, बाई. मोठ्या इस्पितळात चला."

"मला हाकलताय होय?" ती फुरंगटली.

वैद्यांनी दवाखान्याला कुलूप लावलं, तिला टॅक्सीत बसवलं आणि स्वतः नेऊन पोहोचवलं. ती वाचली.

पुढे वैद्यांची बायको वारली. मुलगा दूर राजधानीत, सोलला, त्याचा फोन सणापुरता. रोगीही कमी झाले. मी दिवसदिवस रिकामी पडून असायची, फार एकटं वाटायचं. एका दुपारी वैद्यांनी पहिल्यांदाच स्वतःचं मनगट माझ्यावर ठेवलं. दोन ठोके, मग खड्डा. मी ओळखलं, त्यांनीही ओळखलं असणार. पण छातीवर बोट दाबून ते रिकाम्या खोलीला म्हणाले, "दुःख गिळलंय, दुसरं काय." आणि स्वतःसाठी काढा उकळायला गेले. मी आतल्या आत तळमळले, पण उशीला कुठली वाचा?

पुढच्या बाजारी ओकबुन गरम पोळे घेऊन आली, तर दार आतून बंद. शेजाऱ्यांनी ते तोडलं, पण फार उशीर झाला होता.

आता मी ओकबुनच्या घरी असते. कधीकधी ती माझ्यावर हात ठेवून पुटपुटते, "इतकी वर्षं ते मला विचारत होते. मी एकदा तरी विचारायचं होतं."

मित्रांनो, माझी काळजी करू नका, माझी शिवण अजून घट्ट आहे. पण जो सगळ्यांना 'कुठं दुखतंय' विचारतो, त्यालाही कुणीतरी विचारा. आणि तो 'काही नाही' म्हणाला, तर टॅक्सी बोलवा.