अकरा कलशांचा पंप

दर गुरुवारी सकाळी आमच्या तलावाकाठी जत्रा भरायची. बेटमा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची सहा घरं, तलावातून पाणी ओढणारा सगळ्यांचा मिळून एक पंप, आणि त्या पंपापुढे हात जोडून उभी चाळीसेक माणसं. जलयोगी महाराज पंपाच्या डोक्यावरचं बूच काढायचे आणि मंत्र पुटपुटत एकेक कलश आत ओतायचे. अकरावा कलश झाला की म्हणायचे, "दबाओ बटन." आठवडाभर कोरडा फिरणारा पंप भसाभसा पाणी फेकायचा. त्याला जोडलेल्या नळीने महाराज गर्दीवर तीर्थ शिंपडायचे. टाक्या भरून तो बंद केला की पुढच्या गुरुवारपर्यंत पुन्हा ठणठणाट.

"मशीन तीच, बटन तेच," शेजारचे भूषणजी ज्याला त्याला सांगायचे. "फर्क फक्त मंत्राचा आहे, भिया."

मी हे वीस पावलांवरून बघत असे. जवळ जायची मला बंदी होती. माझे यजमान, समीर, जानेवारीत गेले. पाडव्याला जलपूजा झाली आणि त्याच आठवड्यात पंप रुसला. महाराजांनी डोळे मिटून कारण सांगितलं, विधवेची छाया पाण्यावर पडते, म्हणून देवी रुसली. वटपौर्णिमेच्या आत सुनेला माहेरी धाडा, नाहीतर तलाव आटेल. सासूबाईंनी माझी बॅग काढली. रडत काढली, पण काढली.

नवरा गेल्याचं दुःख मी गिळलं होतं. हे गिळणार नव्हते. त्या माणसाला त्याच्याच गुरुवारी, त्याच्याच गर्दीसमोर मला उघडं पाडायचं होतं.

शहरात भंवरकुआं भागातल्या एका कोचिंग क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवते, पण इथे नुसते डोळे-कान पुरले. अकरा कलशांचे कधी नऊ व्हायचे, एकदा तर चौदा झाले. मंत्र मात्र नेमका पंपाच्या भोकातली बुडबुड ऐकू यायची थांबली की संपायचा.

वटपौर्णिमेआधीच्या गुरुवारी मी ती वीस पावलं ओलांडली.

"यामिनी, दूर राहा बेटा," सासूबाई कळवळल्या.

"महाराज, आज पाणी ओतू नका," मी म्हटलं. "नुसत्या मंत्राने पंप चालवा. चालला तर मी आत्ता बॅग घेऊन निघते."

गर्दीला सौदा पटला. भूषणजी म्हणाले, "हां महाराजजी, एक बार दिखा ही दो."

मंत्र झाला, बटन दाबलं. पंप नुसता घरघरत राहिला. कोरडा फिरून आतलं सील जळू नये म्हणून मीच तो बंद केला. महाराजांचं गंध घामाने ओघळून नाकावर आलं. मला दया आली नाही. मी त्यांना आणखी दोनदा मंत्र म्हणायला लावला.

मग धुण्याच्या बादलीतलं पाणी मी माझ्या हाताने बुडबुडे थांबेपर्यंत ओतलं आणि बटन दाबलं. पाणी आलं. तीर्थ शिंपडायच्या नळीचं तोंड मी आधीच महाराजांकडे वळवून ठेवलं होतं.

महाराज निथळत असताना मी पंप बंद केला आणि भूषणजींना तलावातला पाइप वर ओढायला लावला. त्याच्या टोकाला फूट व्हॉल्व्ह असतो. पंप थांबला की त्यातली झडप मिटते आणि पाणी पाइपातच राहतं. आमच्या झडपेत पाडव्याच्या पूजेत तलावात सोडलेला लाल धाग्याचा नाडा आणि नारळाची शेंडी अडकली होती, त्यावर दर गुरुवारच्या नाड्यांची भर. झडप घट्ट मिटत नव्हती. पाणी हळूहळू तलावात परत जायचं, पाइपात हवा भरायची, आणि हवा भरलेला पंप पाणी ओढत नाही. वरून भराभर पाणी भरून लगेच बटन दाबलं की ओढतो. महाराजांची सिद्धी ती एवढीच.

"दर पूजेनंतर समीर हा पाइप काढून झडप धुवायचे," मी सासूबाईंना म्हटलं. "देवी रुसली नव्हती, आई. धुणारा माणूस गेला होता."

सासूबाई खाली बसल्या. त्यांनी स्वतःच्या बोटांनी नाड्याचा गुंता सोडवला आणि तो महाराजांच्या हातात ठेवला. "अब आप निकलो," म्हणाल्या.

झडप आता दर महिन्याला मी धुते. तुमचा पंप रुसला तर कुणा बाईच्या कपाळाकडे बघू नका. पाइप वर ओढा.