मडक्याचा ओठ

देवाचं मडकं जेवतं ते ओठाने. पोटात राळ जळते आणि त्यावरच्या चेहऱ्याच्या, पळीसारख्या पुढे आलेल्या खालच्या ओठावर आपण मक्याची पेज भरवायची. आम्हा लाकांदोन माया लोकांत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझा धाकटा भाऊ कयुम तेवढा विसरला.

तो पर्यटकांसाठी मडकी करतो. सामानात ओठ मोडतो म्हणून त्यांना मिटल्या तोंडाची हवी असतात.

यंदा बा आजारी पडला. त्याचं जुनं मडकं राळेने भरून गेलं होतं. आपण मरायच्या आत त्यातला, देव ज्यावर बसतो तो खडा नव्या मडक्यात बसवायचा, एवढंच त्याचं मागणं होतं. त्याचे हात कापतात, म्हणून मडकं कयुमने घडवलं. बायकांनी देवाच्या मडक्याला शिवायचं नसतं, देवाच्या झोपडीत जायचं नसतं.

वळचणीला वाळत ठेवलेलं ते मडकं पाहिलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चेहरा गोजिरा, तोंड मिटलेलं.

"हे रे काय?"

"हाताच्या सवयीनं झालं, ताई." तो ओशाळला, मग खांदे उडवून म्हणाला, "रंग दिला की खपून जाईल. बाला हल्ली दिसतंय कुठं?"

"बाला दिसत नाही म्हणून देवाला उपाशी मारणार?"

"उद्या लावतो ओठ. आत्ता पर्यटकांची गाडी येतेय."

"उद्या माती सुकेल, मेल्या."

तो गेलाच. मी माती भिजवली आणि ओठ बसवला. माझ्या अंगठ्याचा ठसा त्यावर राहिला.

कयुमने मुकाट्याने मडकं भाजलं, चुना फासून तांबडे-काळे ठिपके दिले. पूजेच्या दिवशी मी पेज घेऊन देवाच्या झोपडीबाहेर थांबले. आत बा ओठ चाचपत होता.

"हा अंगठा तुझा नाही, कयुम."

"ताईचा आहे. मी नको नको म्हणत होतो."

खोटारडा. मी बाहेरूनच ओरडले, "बा, आधी ओठ होता का, विचार त्याला."

"होता का रे?" बाने विचारलं.

कयुम उठून दारात आला.

"कोह, पोरी, पेज आत आण," बा म्हणाला.

त्या झोपडीत मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. कयुम वाट अडवून उभा होता.

"बाजूला हो," मी म्हटलं.

बाने वाटी घेतली नाही. "माझ्या हातून सांडेल. तूच देवाला भरव."

मी भरवलं. राग तसाच होता, पण पेजेचा थेंबही सांडू दिला नाही.