पाळीचे बूट

"तानो, सहा वाजून गेले. बूट काढ," लिबोरिओ दाजी म्हणाले.

समोर शत्रूची इतकी जहाजं उभी होती की पाणी दिसत नव्हतं. आणि या माणसाला पहाऱ्याच्या पाळीची पडली होती!

आमची किनारा राखणारी तुकडी म्हणजे सिसिलीतले चाळिशी उलटलेले बाप्ये, आपापल्या गावाजवळच नेमलेले. खरी फौज डोंगरात होती. आम्ही सोळा जण आणि बुटांचे जोड सात. म्हणून नियम असा की बूट माणसाचे नाहीत, पहाऱ्याचे. पाळी संपली की पुढच्याला द्यायचे. दाजी माझ्या थोरल्या बहिणीचे, आग्रिपीनाचे, नवरे. गावात जोडे शिवायचे. सातही जोड त्यांनीच टायरचे तळ ठोकून टिकवले होते.

"थांबा हो दाजी! इथं मरण आलंय दारात!"

तेवढ्यात लेफ्टनंट धावत आला. "बूटवाले माझ्याबरोबर डोंगरात चला. तीस किलोमीटरची चाल आहे. अनवाणी इथंच मोर्चा सांभाळतील."

"साहेब, सहापासून हे बूट माझे," दाजी म्हणाले.

"ज्याच्या पायात, त्याचे. आणि तुमची घरं मागंच आहेत ना? मग लढाल जीव तोडून."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दाजींना तीन मुली, मी सडाफटिंग. मला लाज वाटली, खूप वाटली. पण बूट काही मी काढले नाहीत.

दाजी खाली वाकले. आता पाय ओढतात की काय, म्हणून मी बंदूक घट्ट धरली. त्यांनी माझी सुटलेली नाडी बांधली.

"डाव्या टाचेचा खिळा वर येतोय. कागद घाल आत."

"पायाही पडा त्याच्या!" मागून एक अनवाणी ओरडला.

सकाळी नऊच्या सुमारास, चढावर असताना, मागं किनाऱ्यावरच्या तोफा थांबल्या; मोर्चा पडला होता. लेफ्टनंट दुसऱ्याच दिवशी मोटारीत बसून पसार झाला. मी गणवेश फेकला आणि पाचव्या दिवशी बहिणीच्या दारात उभा राहिलो. दाजी शूरासारखे गेले, असं सांगायचं वाटेत घोकून ठेवलं होतं.

पण अनवाण्यांपैकी एक जण वाचून गावात आला होता. तिला सगळं कळलेलं होतं. ती रडली नाही, एक शिवीही दिली नाही. पाव आणि कांदा पुढ्यात ठेवला.

"जेव. चालून दमला असशील," ती म्हणाली, आणि थोरल्या मुलीला हाक मारली, "पोरी, मामाचे बूट काढून पुसून ठेव."

पोर माझ्या पायाशी बसली आणि नाडी सोडायला लागली.